दोन्ही बाजूंनी लिहिलेली वही

या अंकाच्या संपादकांनी मला पत्र धाडलं, त्यात 'आपण बैहरच्या जंगलात अर्धी नोकरी काढलीत, वाघाचे अनुभव लिहा' असं होतं. मी त्यांना कळवलं की वाघ मी दोनदाच पाहिला आणि दोन्ही वेळा तो पाठमोरा होता. तेवढ्यावर पानं भरायची नाहीत. चुकांबद्दल लिहू का, असं मी विचारलं. त्याला उत्तर आलं नाही, म्हणून होकार समजून बसलो आहे लिहायला.

मी अमीन होतो. अमीन म्हणजे सरकारी जमीन-मोजणीवाला. पटवारी गावातच असतो, त्याच्याशी लोकांचं रोजचं असतं. अमीन हंगामात येतो, मोजतो, नकाशा काढतो आणि जातो. बालाघाटच्या कचेरीत आमची मोजणीची एक तुकडी होती. दिवाळी झाली, धान कापून झालं, बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची शेतं, सुकल्या की आम्ही निघायचो. पावसाळा तोंडावर आला की परतायचो आणि चार महिने कचेरीत बसून नकाशांना शाई चढवायचो. छप्पन साली राज्याची फोड झाली आणि आमची तोंडं नागपूरकडून भोपाळकडे वळवली गेली. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी मी नोकरीला लागलो. कागद हिंदीत आले होते, घरी आणि शेतात मराठी होती, आणि चुका मात्र इंग्रजीत होत असत. ते कसं, तेच सांगायचं आहे.

आमचे साहेब नायडू. कामठीत जन्मले, घरी तेलुगू बोलत, आमच्याशी मराठी, चौबेजींशी हिंदी, आणि राग आला की इंग्रजी. त्यांच्या टेबलावर एक लांबोडी काळी वही असायची. नोकरीच्या पहिल्याच दिवशी त्यांनी ती माझ्यासमोर उघडली. मला वाटलं हजेरीपुस्तक आहे. वर चार रकाने होते: काय झालं, कोणी केलं, कोणता शब्द, कारण.

"मराठीत चूक म्हणजे चूक," साहेब म्हणाले. "फार तर घोडचूक. एवढ्यानं मोजणीचं काम चालत नाही. इंग्रजांनी चुकांना किती शब्द केलेत बघ. चुकाही तेवढ्याच केल्या त्यांनी, म्हणून लागले."

मग त्यांनी मला शब्द समजावले. रबरानं खोडता येते ती स्लिप. जिच्यासाठी अमीनाला पुन्हा शेतात जावं लागतं ती मिस्टेक. जिच्यासाठी सगळ्या तुकडीला पुन्हा जावं लागतं तो ब्लंडर. आणि जी ऐकल्यावर सांगणाऱ्यालाच बसकण मारावी लागते तो हाउलर. नुसतं 'मी चुकलो' म्हटलेलं त्यांना चालत नसे. कोणता शब्द लावायचा ते चुकणाऱ्यानंच ठरवायचं, आणि मग साहेब मान्य करायचे किंवा एक पायरी वर चढवायचे.

वही उलटी केली की दुसऱ्या टोकाकडून आणखी एक लिखाण सुरू होई. ती बाजू जोकची. तिथंही श्रेणी होत्या: जोक, गुड जोक आणि सगळ्यांत वर साइड-स्प्लिटर, म्हणजे हसून हसून बरगड्या दुखतील असा. गंमत अशी की जोकच्या बाजूला कोणी वेगळे विनोद रचून लिहीत नव्हतं. तिकडे जायच्या त्या इकडच्याच चुका. नियम असा, की चुकीला तीन वर्षं झाली आणि जिचं त्या चुकीनं नुकसान झालं ती व्यक्ती स्वतः हसली, तर चूक वहीच्या त्या टोकाला न्यायची. चुकणारा हसला तर उपयोग नाही. चुकणारे फार लवकर हसतात, असं साहेब म्हणत.

पावसाळ्यापूर्वी मोजणीचं सामान आवरून झालं की कचेरीच्या व्हरांड्यात वहीचं वाचन होई. चहा, कांद्याची भजी, चिवडा. ज्याची चूक त्यानंच उभं राहून मोठ्यानं वाचायची. पहिला नंबर साहेबांचा. माझ्या पहिल्या वर्षी त्यांनी स्वतःची नोंद वाचली ती अजून आठवते. बैहरकडच्या एका गावात होकायंत्राशेजारी त्यांनी आपला पानाचा लोखंडी डबा ठेवला होता. होकायंत्राची सुई लोखंडाकडे ओढली गेली आणि अख्खं गाव नकाशात तिरकं बसलं. पश्चिमेला असलेलं तळं वायव्येला सरकलं. तुकडीला पुन्हा दहा मैल चालावं लागलं. कारणाच्या रकान्यात साहेबांनी लिहिलं होतं: 'पान खाण्याची घाई.'

दुसरा नंबर चौबेजींचा. ते सिवनीकडचे, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, हात अतिशय सुबक. त्यांच्या नकाशातले आकडे छापल्यासारखे दिसत. पण त्यांना चष्म्याची लाज वाटायची. एकदा त्यांनी दूरच्या टेकाडावर आमची पांढरी झेंडी दिसली म्हणून तिकडे रेषा धरली. मग दुसऱ्या जागी नकाशा काढायचं मेज मांडून पुन्हा तीच झेंडी धरली. तिसऱ्या जागेवरूनही धरली. तिन्ही रेषा एका बिंदूत मिळायला हव्यात, त्या काही केल्या मिळेनात. दिवसभर चौबेजी कोन तपासत बसले. संध्याकाळी टेकाडावर गेलो तर तिथं एक म्हातारा आपलं धोतर झुडपावरून काढत होता. ऊन फिरेल तसं त्यानं ते एका झुडपावरून दुसऱ्यावर नेलं होतं. झेंडी वाऱ्यानं केव्हाच आडवी झाली होती.

"हाउलर," चौबेजींनी स्वतःच जाहीर केलं. "इसमें बहस की गुंजाइश ही नहीं है."

तीन वर्षांनी ती नोंद पलीकडच्या टोकाला गेली, साइड-स्प्लिटर म्हणून. नुकसान फक्त चौबेजींच्या पायांचं झालं होतं, तेव्हा हसायचा हक्क त्यांचाच होता आणि त्यांनी तो मनसोक्त बजावला.

आता माझी नोंद. ती सांगायची तर जमीन कशी मोजतात ते थोडं सांगावं लागेल.

आमच्याकडे सहासष्ट फुटांची लोखंडी साखळी असते, तिला जरीब म्हणतात. पुढचा गडी एक टोक घेऊन चालतो, मागचा दुसरं टोक धरतो. साखळी ताणली की पुढचा तिथं एक लोखंडी सळी रोवतो. दोघं पुढं सरकतात. मागचा सळीपाशी पोचला की ती उपटून हातात घेतो. मागच्याच्या हातात जितक्या सळ्या, तितक्या जरीबा मोजून झाल्या. इतकं सोपं. पण सळ्या असतात दहाच. दहा संपल्यावर पुढच्याकडे रोवायला काही उरत नाही. अकरावी जरीब ताणून तो तिथं नुसता दगड ठेवतो आणि उभा राहतो. मागचा येऊन दहाच्या दहा सळ्या त्याला परत देतो. त्यातली एक लगेच त्या दगडाजागी रोवायची, आणि अमीनानं फील्डबुकात खूण करायची. ही अदलाबदल म्हणजे आमच्या धंद्यातला धोक्याचा वळसा. त्या घडीला अमीनाचं लक्ष हटलं आणि दगडाजागी सळी रोवायची राहिली, की ती जरीब मोजणीतून उडून जाते. पुढचं सगळं माप सहासष्ट फुटांनी आखूड.

माझा मोजणीचा पहिलाच हंगाम. हट्टा नावाच्या गावाच्या पुढं आणखी एक गाव होतं. त्याचं नाव सांगत नाही, कारण तिथं माझे आता बरेच लोक आहेत. पुढं झिंगरू, बैहरकडचा गोंड गडी, चालायला वाऱ्यासारखा. मागं मारोती, माझ्याच गावचा, नात्यानं लांबचा काका लागायचा. वैशाखाचं ऊन. आम्ही गावच्या हद्दीच्या दगडापासून सरळ रेषेत निघालो होतो. उजव्या-डाव्या हाताला जे लागेल, झाड, विहीर, पाऊलवाट, ते किती अंतरावर आलं ते मी लिहीत होतो. आधी जुन्या मालगुजारांच्या, म्हणजे गावच्या जमीनदारांच्या, बांध्या लागल्या. मालगुजारी कायद्यानं गेली होती, पण लोक अजून मालगुजारच म्हणत. त्यांच्या बांध्या संपल्या की एक धुरा, म्हणजे शेताचा बांध, आणि धुऱ्यापलीकडे डोमाजीचं शेत.

डोमाजी आणि त्याची बायको भागाबाई छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन आले होते. गावच्या विहिरीवर त्यांना आधीही पाणी काढू देत नव्हते, नंतरही दिलं नाही. वरच्यानं पोहरा ओतायचा आणि यांनी खाली भांडं धरायचं. तेव्हा दोघांनी आपल्या शेतात, अगदी धुऱ्यालगत, दोन उन्हाळे खपून स्वतः विहीर खोदली. गावात ती एकच विहीर अशी होती की जिचं पाणी मेच्या शेवटापर्यंत हटत नव्हतं. हे सगळं मला नंतर कळलं.

दहा सळ्या संपल्या. झिंगरूनं अकरावी जरीब ताणून दगड ठेवला. मारोती सळ्यांची जुडी घेऊन त्याच्याकडे आला. नेमकी त्याच वेळी भागाबाई डोक्यावर घडा आणि हातात पितळी लोटा घेऊन धुऱ्यावरून आली. आम्हाला सकाळपासून उन्हात पाहत होती.

"घ्या बाबू, पानी घ्या. आमच्याच इहिरीचं हाय. लय थंड हाय."

झिंगरूनं ओंजळ धरली आणि पिऊन टाकलं. मारोतीनं तोंड फिरवलं. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. माझ्या लग्नाची बोलणी चालली होती आणि मारोती दर बाजारच्या दिवशी गावी जायचा. तो तिथं काय सांगेल हे मला त्याच्या नजरेत लख्ख दिसलं. माझा घसा लाकडासारखा कोरडा होता. लोट्याला बाहेरून पाण्याचे थेंब सुटले होते.

"तहान नाही, बाई," मी म्हटलं.

ती लोटा घड्यावर ठेवून परत फिरली. मी फील्डबुकात डोकं घातलं, खरं म्हणजे लपवलं, आणि "चला चला" म्हणून गड्यांना पुढं काढलं. दगडाजागी सळी रोवलीच गेली नाही. झिंगरूनं नव्या मोजणीची पहिली सळी त्याच्या पुढच्या जरीबेला रोवली.

रेषा संपली तेव्हा माझं एकूण माप जुन्या नकाशाहून बरोबर एका जरीबेनं कमी आलं. जुना अमीन असता तर तिथंच डोक्याला हात लावून परत फिरला असता. मी बावीस वर्षांचा. मी ठरवलं, जुना नकाशाच चुकला असणार. विहीर मोजणीत जिथं आली तिथं मांडली. धुरा मात्र ठरलेली हद्द, म्हणून जुन्या नकाशावरून जसाच्या तसा उतरवला.

कच्चा नकाशा गावात लोकांना दाखवतात आणि हरकती घ्यायला मुदत देतात. मुदत संपत आली तेव्हा डोमाजी आणि भागाबाई बालाघाटला कचेरीत आले. डोमाजी किडकिडीत, आवाज मात्र शेतातल्या माणसाचा.

"साहेब, आमची इहीर मालगुजाराच्या बांधीत कशी गेली? आमी तं आमच्या वावरात खांदली. आता ते म्हणून राह्यले का नकाशा पाहा, इहीर आमची हाय, उद्यापासून पोहरा टाकू नका. मले एक सांगा, इहीर कोठं चालून जाते का?"

चौबेजींना एकदम हसू फुटलं. "चलता-फिरता कुआँ! नायडूसाब, ये तो अपनी किताब का अव्वल नंबर हाउलर है." कारकून हसले, शिपाई हसला. मीही हसलो, हे लिहिलं पाहिजे. सगळ्यांच्या हसण्यात स्वतःचं हसू मिसळलं की आपण सापडत नाही, असं वाटलं मला.

भागाबाई हसली नाही. ती माझ्याकडे पाहत होती. नायडूसाहेबांचं लक्ष तिच्या तोंडाकडे गेलं आणि त्यांनी हात वर केला.

"अमीन," ते म्हणाले, "फील्डबुक आण. जुना नकाशा चुकला की तू चुकलास?"

आता हे नीट समजून घ्या. माझी नोकरी पक्की व्हायची होती. मी 'जुना नकाशा' म्हटलं असतं तर कोणी खोटं पाडणारं नव्हतं. जुना नकाशा काढणारे कधीच वारले होते. आदल्याच दिवशी मालगुजारांचा मुलगा कचेरीत येऊन मला पान देऊन गेला होता. "बाबू, तुमचं माप चोख आहे. त्या जुन्या कागदांना काय धरता?" असं म्हणाला होता. मी तेवढं म्हटलं असतं तर डोमाजीला तहसिलीच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या असत्या आणि तोवर त्याच्या घरची भांडी पुन्हा कोणाच्या तरी पोहऱ्याखाली गेली असती. मला हे सगळं त्या क्षणी सुचलं, असं सांगून मी मोठा होणार नाही. मला फक्त लोट्यावरचे थेंब आठवले.

"मी चुकलो, साहेब," मी म्हटलं. "दहाव्या सळीनंतर. अदलाबदलीत."

"शब्द?"

"ब्लंडर."

"सगळी तुकडी जाईल," साहेब म्हणाले. "उद्याच."

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. साहेब, चौबेजी, झिंगरू, मारोती, मी. मालगुजारांचा मुलगा छत्री घेऊन आला, गावातले पाचपन्नास लोक आले. हद्दीच्या दगडापासून पुन्हा जरीब ताणली. या वेळी प्रत्येक सळी साहेब मोठ्यानं मोजत होते. दहा झाल्या. अकराव्या जागी मी स्वतः वाकून सळी रोवली. बाराव्या जरीबेला धुरा लागला आणि त्यापुढं सव्वीस फुटांवर विहीर. डोमाजीच्या शेतात, जिथं ती त्यानं खोदली होती तिथंच. साहेबांनी जागेवर, सगळ्यांसमोर, नकाशातली माझी विहीर खोडून नवी मांडली आणि खाली सही केली. मालगुजारांच्या मुलानं नकाशा पाहिला. मग छत्री मिटून चालू लागला.

भागाबाई विहिरीच्या काठावर उभी होती. आदल्या वेळी न बोलावता पाणी घेऊन आलेली बाई, या वेळी तिनं कोणालाच पाणी विचारलं नाही. मारोती माझ्या शेजारीच होता. मी तिच्याकडे गेलो.

"बाई, पाणी मिळेल का?"

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "त्या रोजी तहान नोहती म्हणे तुमाले."

"होती," मी म्हटलं.

तिनं मग पोहरा टाकला. मी ओंजळ धरली नाही, लोटाच मागून घेतला आणि तोंड लावून प्यालो. गाव बघत होतं, मारोती बघत होता. पाणी खरोखरच लय थंड होतं. नंतर नायडूसाहेबांनी लोटा मागितला, मग जानवंवाल्या चौबेजींनी, आणि पिताना ते मला म्हणाले, "ब्लंडर तो तूने किया, प्यासे हम सब हो गए." मारोती प्यायला नाही. त्यानं गावी जाऊन जे सांगायचं ते सांगितलं. ठरत आलेलं लग्न मोडलं. नोकरी पक्की व्हायचं पत्रही एक वर्ष लांबलं. पुढं जिच्याशी लग्न झालं तिला मी ही हकीकत आधीच सांगून टाकली होती. त्यामुळे ते मोडलेलं लग्न हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत फायद्याचं नुकसान म्हणतो मी.

पावसाळ्यापूर्वी वहीचं वाचन झालं. माझी पाळी आली. मी उभा राहिलो आणि वाचलं: एक जरीब गाळली. केली मी. शब्द, ब्लंडर. कारण, उन्हाची झळ.

कारणाचा रकाना मी तसा भरला होता. साहेब भजी खाता खाता थांबले.

"त्या दिवशी ऊन झिंगरूलाही लागलं होतं," ते म्हणाले. "त्याचा दगड नाही चुकला. कारण पुन्हा लिही."

मी बसलो आणि पुन्हा लिहिलं. मग उभा राहून वाचलं: 'तहान असताना तहान नाही म्हटलं, आणि त्या लाजेनं मान खाली घातली.' कोणी हसलं नाही. चौबेजींनी चहाचा कप खाली ठेवला. साहेबांनी वही ओढून घेतली, शब्दाच्या रकान्यावर पेन्सिल टेकवली. मग म्हणाले, "चुकीला ब्लंडर ठीक आहे. कारणाला इंग्रजीत शब्द असेल तर मला माहीत नाही. ते मराठीतच राहू दे."

त्यानंतर मी खूप मोजलं. बैहरचे डोंगर मोजले, लांजीकडची गावं मोजली, भरवेलीच्या रस्त्यालगतची शेतं मोजली. आणखी चुका केल्या, दोन हाउलरही केले. एक तर असा की एका गावचं मारुतीचं देऊळ मी नकाशात दोनदा दाखवलं, एकदा पुढून, एकदा मागून, आणि गावकऱ्यांनी दुसरं देऊळ कुठं आहे ते विचारायला शिष्टमंडळ पाठवलं. ती नोंद वेळेआधीच जोकच्या टोकाला गेली. गावकरीच इतके हसले होते की तीन वर्षांची अट साहेबांनी माफ केली. पण विहिरीची नोंद तिथंच राहिली. दर वर्षी साहेब त्या पानावर आले की माझ्याकडे पाहायचे आणि पान उलटायचे.

सत्तरच्या दशकात नायडूसाहेब निवृत्त झाले आणि कामठीला परत गेले. निघताना वही माझ्या हातात दिली. "सगळ्या नोंदी पलीकडे गेल्या," म्हणाले. "एकच उरली. तिकडं जाऊन विचारायची हिंमत तुला झाली नाही."

ते खरं होतं. त्या गावावरून मी कितीदा गेलो असेन, पण भागाबाईकडे थांबलो नव्हतो. त्या हिवाळ्यात वही पिशवीत घालून सायकलनं गेलो. डोमाजी वारला होता. भागाबाई विहिरीजवळच्या खाटेवर बसली होती, केस पांढरे, नजर तीच. सुना धान पाखडत होत्या. मी नाव सांगायच्या आधीच ती म्हणाली, "बाबू होये तुमी. इहिरीवाले."

मग सुनांकडे वळून तिनं सुरुवात केली. सुनांनी ती गोष्ट शंभरदा ऐकलेली होती, हे त्यांच्या तोंडावरून कळत होतं. "या बाबूनं आपली इहीर चालवली वो. पाय लावून देल्ले तिले. मालगुजाराच्या बांधीत जाऊन बसली थे. मंग साहेब आला, कान पकडून परत आनली." ती इतकी हसली की खोकला लागला. सुना हसल्या, मीही हसलो, आणि या वेळी लपायला नाही.

मी वही काढली. नियम सांगितला, की जिचं नुकसान झालं ती हसली तर नोंद त्या टोकाला न्यायची. चारही रकाने तिला वाचून दाखवले. कारणही वाचलं. ती ऐकता ऐकता हसायची थांबली.

"इहिरीवर हासू येते मले," ती म्हणाली. "लय येते. मानूस चुकते. पान्यावर नाई येत, बाबू. आजबी नाई येत."

"नको यायला," मी म्हटलं.

"हौ. तं इहीर ने तिकडं. पानी राहू दे तेथंच."

मी खाटेच्या कडेवर बसून वही उलटी केली आणि जोकच्या टोकाला लिहिलं: चालती विहीर, साइड-स्प्लिटर. मग वही सुलटी केली. काय झालं, कोणी केलं, कोणता शब्द, हे तीन रकाने खोडले. चौथा खोडला नाही. शाई वाळेपर्यंत थांबलो. तोवर भागाबाईनं सुनेला हाक मारून लोटा आणायला सांगितला, आणि तहान आहे का, हे मला विचारलं नाही.